रेवदंड्याच्या शेडमधलं तेल

विलास,

तुझ्या शोकसभेत प्राचार्यांनी तुला आत्मा बहाल केला. "न्यूट्रिनो जसा कशातही न अडकता आरपार निघून जातो, तसा आपल्या विलास सरांचा आत्मा या नश्वर देहातून निघून गेला," असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पहिल्याच रांगेत होते. तू ऐकत असतास तर उभा राहून दोन चुका काढल्या असत्यास. एक तर बौद्धाच्या घरातल्या माणसाला आत्मा चिकटवल्याबद्दल, आणि दुसरी फिजिक्सची. "सर, बहुतेक न्यूट्रिनो आरपार जातात हे खरं, पण एखादा अडकतोच. तो अडकत नसता तर मी आणि हेमानं इतकी वर्षं काय झक मारली?" हे तू शोकसभेतसुद्धा म्हणाला असतास, आणि मी तुझा शर्ट ओढून तुला खाली बसवलं असतं. त्या दिवशी माझ्या बाजूच्या खुर्चीवर कॉलेजचा अकाउंटंट होता. त्याचा शर्ट ओढून काय उपयोग?

मी रडले नाही याचं लोकांना नवल वाटलं. काहींना बरंही वाटलं असेल, कारण मी रडले असते तर ते किती रडायचं हा प्रश्न पडला असता. आपण दोघं एकमेकांचे कोण, हे या गावांना कधी नीट कळलं नाही. सहकारी म्हणावं तर पतपेढी आठवते. मित्र म्हणावं तर भुवया वर जातात. भाऊबहीण म्हणून मोकळं व्हायची लोकांची तयारी होती, पण आपण भाऊबहिणींपेक्षा जास्त भांडायचो. तुझ्या जाण्याचं दुःख करायचा पहिला मान शैलावहिनींचा आहे, दुसरा तुझ्या लेकीचा. माझा नंबर कितवा लागतो ते मला माहीत नाही. मी रांगेबाहेरच उभी आहे.

आणि खरं सांगू? मला राग आला आहे. तुझाच. भांडण अर्धवट टाकून उठायची सवय तुला कधीच नव्हती. चहा गार झाला तरी तू मुद्दा सोडायचा नाहीस. आणि आता बघ.

रेवसजवळ तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा तुझा उलव्याचा चुलतभाऊ माझ्याशेजारी येऊन बसला. कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे तो. मेणबत्त्या लावून झाल्या होत्या, बाया आत पाव आणि मटणाच्या रश्शाची पंगत मांडत होत्या. त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, दादा एक्झॅक्टली काय करायचा? इकडे सगळे बोलतात तेलाचं काम होतं. मी बोललो तेलाला डॉक्टरेट कशाला पाहिजे यार?"

मी त्याला सांगितलं. सूर्यातून, दूरच्या ताऱ्यांतून, आणि अणुभट्ट्यांतूनसुद्धा हे कण येत असतात. ते कशालाच धरत नाहीत. डोंगर असो, भिंत असो, माणूस असो, ते पलीकडे जातात. क्वचित एखादा वाटेतल्या अणूला धडकतो. तो आमच्या तेलात धडकला तर तिथे एक बारीक चमक होते, डोळ्याला न दिसणारी. ती चमक टाकीच्या कडेला बसवलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या प्रकाशनळीपर्यंत पोचली तर आपल्याला कळतं की कोणी तरी आलं होतं. म्हणून तेल इतकं नितळ पाहिजे की चमक वाटेत कुठेच मरता कामा नये. दादा ते तेल बनवत होता. त्याला लिक्विड सिंटिलेटर म्हणतात, आम्ही आपलं तेलच म्हणायचो.

"मग भेटला का एखादा?" त्यानं विचारलं.

"नाही. आम्ही फक्त तेल बनवलं. पकडायचा प्रयोग दुसरीकडे व्हायचा होता, डोंगराच्या पोटात. तो झालाच नाही."

तो म्हणाला, "सॉरी हां मॅडम." त्या दिवशी मला सॉरी म्हणणारा तो एकटाच.

रेवदंड्याचा तो बंद पडलेला बर्फाचा कारखाना तूच शोधून काढलास. होड्यांना बर्फ पुरवायचा तो, मालक म्हातारे झाले आणि मोठे कारखाने आले, मग कुलूप लागलं. भिंतीत भुसा भरलेला, त्यामुळे मे महिन्यातही आत गारवा. कॉलेजनं तो भाड्यानं घेतला तेव्हा आपल्याकडे एक स्टीलची टाकी, एक उभी लांब नळी आणि तुझा आत्मविश्वास एवढंच सामान होतं. दारासमोर बोंबील वाळत घातलेले. वास इतका की मुंबईहून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावूनच आत शिरायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला: "एवढी शुद्धता पाहिजे आणि तुम्ही खाडीच्या तोंडावर बसलाय?"

त्यांचं चूक नव्हतं. खाऱ्या वाऱ्यात मीठ, मिठात थोडं पोटॅशियम, आणि पोटॅशियम स्वतःच किंचित किरणोत्सर्गी. तेलात ते शिरलं की खोट्या चमका होतात आणि खरी चमक त्यांत हरवते. मी पहिल्या वर्षापासून तुला म्हणत होते की घाटावर जाऊ. तू ऐकलं नाहीस. तेल आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यात बनतं, कपड्याच्या साबणाची भुकटी करायला जे लागतं तेच. ते इथून घाट चढवून न्यायचं आणि तिथे शुद्ध करायचं हे तुला पटत नव्हतं. "साबणाच्या तेलातून सूर्याच्या पोटातली बातमी काढायची आणि तीही रेवदंड्यात बसून. याच्यापेक्षा भारी काय असतं सांग," म्हणायचास. हा काही शास्त्रीय मुद्दा नव्हता. तुला इथेच काम करायचं होतं, बस. तुझ्या वडिलांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी करून तुम्हा भावंडांना शिकवलं, शिकलेला प्रत्येक जण मुंबईला गेला आणि तिथलाच झाला. तुला गेलेल्यांतला एक व्हायचं नव्हतं. हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण मला ते माहीत होतं.

मिठाचं सगळं खापर मात्र तू माझ्यावर फोडायचास. "ही मिठागरवाली. हिच्या घामात पोटॅशियम आहे. हिला टाकीला हात लावू देऊ नका." उरणकडे आमची मिठागरं होती तेव्हा माझे वडील त्यांत राबले, मिठागरं गेल्यावर भावांनी ट्रेलर घेतले आणि न्हावा शेव्याचा माल वाहू लागले. मिठाशी माझा संबंध आता जेवणापुरता. तरी तू ते सोडलं नाहीस. शेडमध्ये शिरताना मी कोपरापर्यंत हात धुवायचे आणि तू दारात उभा राहून विचारायचास, "निघालं का वाडवडिलांचं?" दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी थोबाडीत दिली असती.

तू टाकी, नायट्रोजन आणि मोजमाप सांभाळायचास. मी तेल गाळायचे, धुवायचे आणि त्यात त्या दोन भुकट्या विरघळवायचे. पहिली भुकटी तेलाची चमक उचलते, दुसरी तिला निळी करते, कारण निळा प्रकाश दूर जातो. हवा लागली की तेल बिघडतं, म्हणून टाकीत वर कायम नायट्रोजनची चादर. आणि ती उभी नळी: खाली दिवा, वर प्रकाशनळी, मध्ये तेलाचा उंच खांब. प्रकाश किती पोचला ते बघायचं. पोचत नव्हता. वर्षानुवर्षं पुरेसा पोचत नव्हता. आपण लोखंडाचा अंश काढला, ओल काढली, मीठ काढलं. मग एकदाचं ते जमतंय असं वाटू लागलं, आणि आपण मोठी टाकी भरायची ठरवली.

आणि दसरा आला.

शेडमधल्या सगळ्यांची खंडेनवमीची पूजा तुला दर वर्षी खटकायची आणि दर वर्षी तू पेढे आणायचास. "यंत्रांना एक दिवस सुट्टी म्हणून मला मान्य. देव म्हणून नाही," असं जाहीर करून मग तू दोन पेढे स्वतःच खायचास. त्या वर्षी मोठी टाकी नवी कोरी. मी झेंडूची माळ आणली, पंपाला, नळीला, टाकीच्या झाकणाला सगळ्यांनी मिळून हळदकुंकू लावलं. आपल्याकडे जे यंत्र पोट भरतं त्याला हळद लागतेच. ट्रेलरला लागते, होडीच्या इंजिनाला लागते, शिलाई मशीनला लागते. टाकीलाच का नको? नंतर आपण सगळं पुसलं आणि टाकी भरली.

तेल पिवळं पडलं. डोळ्याला जेमतेम कळेल इतकंच, पण नळीत प्रकाश अर्ध्या वाटेत मरायला लागला. निळाच नेमका मरत होता. तू म्हणालास माझी भुकटी खराब आहे. मी म्हणाले तुझा नायट्रोजन गळतोय, हवा शिरली आहे. तू कारखान्यात जाऊन भांडून आलास. मी भुकटीचे डबे परत पाठवले. जसजसे महिने गेले तसतसं आपलं बोलणं कमी झालं. एकाच शेडमध्ये काम करायचं आणि "व्हॉल्व्ह बंद कर" एवढंच बोलायचं. तेव्हा वाटलं होतं की याच्यापेक्षा वाईट दिवस येणार नाहीत. किती मूर्ख होते मी. ते चांगले दिवस होते. तू समोर होतास, फुरंगटलेला का होईना.

मे महिन्यात माझ्या भाचीची हळद होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाला गैरहजर राहिलात तर चालेल, हळद चुकवली तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. तू येणार नव्हतास. माझ्या आईनं तुला परस्पर फोन केला. "विलास, तुमचा काय भांडान असंल ता तितं शेडात ठेवा. हलदीला यायाचा न जेवल्याबिगर जायाचा न्हाय," आणि फोन ठेवून दिला. तू आलास. इस्त्रीचा शर्ट घालून एका खुर्चीत बसून राहिलास. सूर्य मावळला तसा डीजे सुरू झाला, माझ्या मामीनं येऊन तुला पिवळाधमक केला आणि ओढून मांडवात नेलं. तुला नाच येत नाही. तू फक्त हात वर करून जागच्या जागी हलत होतास.

मग डीजेवाल्यानं ते जांभळे दिवे लावले.

तू थांबलास. सगळा मांडव उड्या मारत होता आणि तू मध्येच उभा राहून मामीच्या गालाकडे टक लावून बघत होतास. मामी ओरडली, "आरं मास्तर, काय बघतंस? नाच ना!" तू माझं मनगट धरून मला गर्दीतून ओढलंस.

"हेमा, मामीचा गाल बघ."

"काय झालं गालाला? वेडा झालास का?"

"रंग बघ गं. जांभळ्या दिव्यात बघ."

मी बघितलं. तेलात कालवलेली हळद तिच्या गालावर हिरवट पिवळी पेटली होती. तिच्या, माझ्या, तुझ्या शर्टाच्या कॉलरवर. गेले कित्येक महिने बिघडलेल्या तेलाची बाटली शेडमधल्या तशाच जांभळ्या दिव्याखाली धरल्यावर जी चोरटी हिरवट झाक दिसत होती, तीच. आपलं चांगलं तेल निळं दिसायला हवं होतं.

"खंडेनवमी," तू म्हणालास.

मी तिथेच एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. तू माझ्यासमोर जमिनीवर बसलास, चांगल्या शर्टासकट. आई धावत आली. "अगो, याला काय झाला? उपाशी हाय काय?" आणि तू हसायला लागलास. मीही. आपण दोघं हळदीनं माखलेले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो आणि आईला वाटलं की कोणी तरी आपल्याला काही तरी पाजलं. जेवल्याशिवाय तिनं सोडलं नाहीच. दुसऱ्या दिवशी शुद्ध तेलाच्या बाटलीत हळदीचा कण टाकला, आणि आलेखात बिघडलेल्या तेलाचा नेमका तोच उंचवटा, तिथेच. झाकणाच्या खाचेत राहिलेली चिमूटभर हळद एवढ्या मोठ्या टाकीला पुरली होती. मग ते सगळं तेल पांढऱ्या ॲल्युमिनाच्या भुकटीतून पुन्हा पुन्हा गाळलं. हळद वर अडकून राहिली, तेल खाली उतरलं.

नितळ झाल्यावर तू पहिल्यांदा माझ्या आईला बोलावलंस, हे मी विसरणार नाही. मोठ्या लोकांना नाही, तिला. बाटली दिव्याखाली धरून तिला दाखवलीस. "निला दिसतंय," ती म्हणाली, "पन दर्यासारका न्हाय." तू तिला अगदी बरोबर सांगितलंस की का. तिला किती कळलं कोण जाणे, पण माझं काम काय आहे हे त्या दिवशी तिला कळलं. त्याआधी ती लोकांना सांगायची, पोरगी कॉलेजात शिकवते. तुझे माझ्यावर बरेच उपकार आहेत, त्यांतला हा एक मी मान्य करते. बाकीचे तू जिवंत असतास तरी मान्य केले नसते.

आणि मग ते भांडण, जे संपलंच नाही.

शोधनिबंध लिहायचा होता. तुझं म्हणणं, हळदीचं स्पष्ट लिहू. पूजा केली, हळद लागली, तेल बिघडलं, अशी ओळखली, अशी काढली. "देशातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत खंडेनवमी होते. कोणी हे लिहिलं नाही तर पुढचा माणूसही असाच वर्ष घालवेल." मी म्हणाले, आपल्याला हसतील. कोकणातल्या शेडमध्ये डिटेक्टरच्या टाकीला हळदकुंकू लावलं, एवढंच लोक वाचतील. बाकीचं काम कोणी बघणार नाही. तू म्हणालास, हसू देत. मी म्हणाले, तुला काय जातंय.

तेव्हा तू जे म्हणालास ते मला पाठ आहे. "मलाच जातंय. मी लिहिलं तर म्हणतील, बघा, याला आधीपासून पूजेचं वावडं, बरोबर संधी साधली. माझं आडनाव वाचून म्हणतील. म्हणून तू लिही, हेमा. तुझ्या नावावर ते नुसतं शास्त्र राहील."

आणि मी म्हणाले, "माझ्या नावावर लिहिलं तर माझ्या घरचे म्हणतील, शिकली आणि आम्हाला अडाणी ठरवून मोकळी झाली."

निबंधात गेलं ते 'वनस्पतिजन्य रंगद्रव्याचा अंश'. पुढे कितीतरी दिवस तू मला 'वनस्पतिजन्य ताई' म्हणत होतास. चिडवत होतास, पण मुद्दा सोडला नव्हतास. दर दसऱ्याला पेढा तोंडात टाकून विचारायचास, "मग? कधी लिहिणार?" मी म्हणायचे, पुढच्या निबंधात. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. तू चुकत होतास असंही मी म्हणू शकत नाही. तू असतास तर हे वाक्य मी कधीच बोलले नसते, कारण तू त्यावर नाचला असतास, हात वर करून, जागच्या जागी.

पुढचा निबंध झाला नाही. ज्या डोंगरात ते सगळं व्हायचं होतं तिथे परवानग्यांची वर्षं गेली, मग पैशांची, मग ज्यांनी हे सगळं मनात धरलं होतं ते निवृत्त झाले. आपलं तेल नायट्रोजनच्या चादरीखाली तसंच राहिलं. तू सिलिंडर बदलत राहिलास. सुट्टीच्या दिवशीही स्कूटर काढून रेवदंड्याला यायचास, काटा बघायचास आणि परत जायचास. वहिनी म्हणायच्या, यांनी म्हातारपणी म्हैस घेतली आहे. नळी आपण कधीच उतरवून ठेवली होती. तेल आता कसं आहे हे मोजायचा विषय दोघांनीही काढला नाही. मला भीती वाटायची. तुलाही वाटत असणार, नाही तर तू गप्प बसणाऱ्यातला नव्हेस.

मग शेडची जमीन विकली गेली. तिथे कॉटेजेस होणार, खाडीकडे तोंड करून. टाकी हलवायची, तेल हलवायचं. तू मुंबईच्या मोठ्या संस्थेला विनवण्या केल्यास की एक कोपरा द्या, तेल ठेवतो, आज ना उद्या कोणाला तरी लागेल. त्यांनी प्रत्यक्ष येऊन बोला म्हणून सांगितलं. त्या सकाळी तू रेवसच्या धक्क्यावरून मला फोन केलास. ओहोटीमुळे लाँच सुटत नव्हती. वैतागला होतास. "हे लोक मला दोन मिनिटं देतील आणि चहा देतील. चहाच चांगला असेल," असं म्हणालास. मी म्हणाले, "बिस्किटं घे." हेच आपलं शेवटचं बोलणं. इतक्या वर्षांच्या भांडणानंतर बिस्किटं.

भाऊच्या धक्क्याला लाँच लागली तेव्हा सगळे उतरले आणि तू उतरला नाहीस. शेजारच्या बाईला वाटलं झोप लागली.

विलास, मुंबईच्या त्या संस्थेतल्या लोकांना मी तुझ्यानंतर फोन केला. ते चांगलं बोलले. तुझ्याबद्दल खूप वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, जागा नाही, आणि इतकं जुनं तेल आता बिघडलंच असेल, मॅडम, तुम्हीच जाणता. टाकून द्या. मी हो म्हणाले. मी भांडले नाही. मला आजवर वाटायचं की भांडखोर मी आहे. तसं नव्हतं. तू समोर होतास म्हणून मी भांडायचे. आता कोणाशी काही बोलायला गेलं की तोंडातून फक्त 'बरं' निघतं. वर्गात शिकवते, घरी येते, आई जेवायला वाढते, मी जेवते. आई तुझं नाव काढत नाही आणि मी काढलं तर पदर डोळ्यांना लावते. पुन्हा कुठे नवीन टाकी, नवीन तेल, नवीन माणसं, हे मला करायचं नाही. लोक म्हणतात विलास सरांचं काम पुढे न्या. कुठे न्यायचं? न्यायची जागा असती तर तू त्या लाँचमध्ये कशाला बसला असतास?

काल टँकर आला. औद्योगिक कचरा नेणारे लोक, कामाला चोख. ड्रायव्हर आमच्याच बाजूचा निघाला. पाइप लावता लावता त्यानं विचारलं, "म्याडम, ह्यो काय माल हाय? पान्यासारका दिसतंय."

"तेल आहे."

"खायाचा?"

"नाही. कुठे नेणार तुम्ही?"

"भट्टीला. चांगला जलंल ह्यो."

पंप चालू झाला. टाकीला असलेल्या काचेच्या पट्टीत तेलाची पातळी उतरताना दिसत होती. मी बाहेर जाऊन उभी राहिले, मग परत आत आले, मग पुन्हा बाहेर. शैलावहिनींना यायचं होतं, मी येऊ दिलं नाही. एका माणसानं हे बघितलं तेवढं पुरे. टँकर अलिबागच्या रस्त्याला लागला आणि बोंबील वाळत घालणाऱ्या बायांनी धूळ उडाली म्हणून त्याला शिव्या घातल्या.

हे सगळं तुला कोणीही सांगू शकलं असतं. एक गोष्ट मात्र माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

परवा मी एकटी शेडमध्ये गेले होते. नळीचे तुकडे काढून पुसले, जोडले, भिंतीला उभे केले. टाकीतून तेल काढून भरलं. तू करायचास तसं सगळं हळू केलं, बुडबुडे बसेपर्यंत थांबले. का केलं ते मला माहीत आहे. ते बिघडलेलं निघावं अशी माझी इच्छा होती. पिवळं, मेलेलं निघालं असतं तर मी टँकरवाल्याला चहा पाजला असता आणि घरी येऊन तुझ्यासाठी मोकळेपणी रडले असते. दिवा लावला. आकड्यावर विश्वास बसेना म्हणून नळी रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा मोजलं. मग जमिनीवर बसून राहिले.

तेल बिघडलं नव्हतं, विलास. तू आईला बाटली दाखवलीस, त्या दिवसापेक्षाही ते नितळ होतं. बारीकसारीक जे काही उरलं असेल ते इतक्या वर्षांत तळाला बसलं असणार. आपल्याला जे हवं होतं ते तयार होऊन त्या टाकीत पडून होतं, आणि मी सकाळी टँकरवाल्याला कुलूप उघडून दिलं.

हेमा